ठासणीच्या बंदुकीला वारस कोण?

खंडेनवमीला आमच्या घरी दोन ठिकाणी पूजा मांडली जाते. ओसरीवर पाभर, विळे, कुऱ्हाडी आणि आता ट्रॅक्टरच्या पान्ह्यांचा डबा. माजघरात पाटावर एकच वस्तू असते, आजोबांची ठासणीची बंदूक. लांब नळी, काळपट पडलेला लाकडी दस्ता आणि खाली खाचेत बसविलेला लोखंडी गज. आजी होती तोवर तीच हळदीकुंकू वाहायची आणि वाहताना म्हणायची, "बाई, तू गप ऱ्हा, म्हंजी घर सुखात."

२०२४ साली दसरा १२ ऑक्टोबरला होता. १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली. त्याच आठवड्यात आमचे थोरले चुलते, ज्यांना सगळे गाव तात्या म्हणते, पोत्यात गुंडाळलेली बंदूक घेऊन ठाण्यात गेले आणि जमा करून पावती घेऊन आले. निकाल २३ नोव्हेंबरला लागला. मधल्या काळात तूर फुलात होती, मक्याची कणसे भरली होती आणि नुकताच पेरलेला हरभरा जमिनीबाहेर डोकावत होता. गोदाकाठच्या शिवारात रानडुकरांचा सुगीचा हंगाम हाच. बंदूक पिकाच्या राखणीची, आणि राखणीच्या दिवसांत ती ठाण्याच्या खोलीत.

यंदा तिच्या परवान्याची मुदत संपते आहे. तात्यांनी सत्तरी ओलांडली आहे. घरात तीन मते पडली. तात्या म्हणतात, जमा करून मोकळे होऊ. त्यांचा मुलगा म्हणतो, माझ्या नावावर करा. आमची चुलती म्हणते, "विहिरीत टाका, पर घरात नगं." विहिरीत टाकणे गुन्हा आहे, हे तिलाही ठाऊक आहे. पण या बोलण्यामागे एक जुना प्रसंग आहे. तो पुढे येईलच.

हा प्रश्न एका घराचा नाही. अंबड, घनसावंगीच्या कालव्याखालच्या उसात, परतूर, मंठ्याच्या सोयाबीनमध्ये, भोकरदन, जाफराबादच्या मक्यात रात्री काय चालते ते शेतकऱ्याला सांगायला नको. ज्या घरांत पीकसंरक्षणाची जुनी बंदूक आहे, तिथे तिचे पुढे काय करायचे हा विचार आज ना उद्या करावाच लागणार आहे.

कायद्याने दिलेली बंदूक

ठासणीची बंदूक म्हटले की लोकांना इतिहास आठवतो. आपल्याच जिल्ह्यातील असईच्या रानात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि इंग्रजांचा सेनापती वेलस्ली यांची लढाई झाली. तिथे दोन्हीकडचे शिपाई तोंडातून भरायच्या बंदुकाच चालवीत होते. त्या चकमकीच्या दगडावर पेटायच्या. पितळी टोपीवर घोडा आपटून पेटणारी बंदूक त्यानंतर आली आणि तीच पुढे शेतकऱ्याच्या घरी राहिली.

पण आमच्या घरची बंदूक काही लढाईतून आलेली नाही. ती कायद्याने आलेली आहे. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या कलम १३ मध्ये पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. दुसरी काही कायदेशीर अडचण नसेल तर असा परवाना द्यावा, असे ते कलम सांगते. ठासणीच्या बंदुकीने काम भागण्यासारखे नाही, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा, म्हणजे बारा बोअरसारख्या काडतुसाच्या बंदुकीचा परवाना देण्याचीही त्यात सोय आहे.

रायफलीचे तसे नाही. रायफलीच्या नळीला आतून पेचदार खाचा असतात. त्यामुळे गोळी फिरत, सरळ आणि फार लांब जाते. आपल्या सपाट रानात डुकरावर झाडलेली रायफलीची गोळी चुकली, तर ती पुढच्या शिवारातल्या जागल्यापर्यंत पोहोचू शकते. ठासणीच्या बंदुकीचे छर्रे थोड्या अंतरावर जाऊन ढिले पडतात. शेतकऱ्याच्या हाती कमी पल्ल्याचे हत्यार असावे, यात शहाणपण आहे.

आजोबांना, म्हणजे अण्णांना, परवाना १९६४ साली मिळाला. तेव्हा जालना जिल्हा नव्हता, तो १ मे १९८१ रोजी झाला. अंबडकरांना कागदासाठी औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, गाठावे लागे. अण्णा म्हणायचे, बंदुकीपरीस कागदाला चपला जास्त झिजल्या.

बार हाताने भरायचा

काडतुसाच्या बंदुकीत दारू, छर्रे आणि टोपी ही कारखान्यातून एकत्र बंद होऊन येतात. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची आणि .३१५ रायफलीची काडतुसे तयार होतात. विकत आणायची, घालायची, चाप ओढायचा.

ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार माणसाने स्वतः भरायचा असतो. अण्णांची रीत ठरलेली होती. दिवस मावळायच्या आत, उजेडात, घराबाहेर चिंचेखाली बसायचे. विडी, चिलीम, कंदील जवळ नाही. पोरे लांब. आधी रिकाम्या नळीत गज सोडायचा आणि त्याचा आवाज ऐकायचा. मग शिंगातली बारूद मापाने मोजून नळीत ओतायची. वर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, तो गजाने बेताने ठासायचा. त्यावर छर्रे, त्यावर पुन्हा हलका बोळा. टोपी मात्र बसवायची नाही. ती वेगळ्या डबीत, कमरेला. टोपी चढवायची ती माळ्यावर जाऊन, जनावराची चाहूल लागल्यावर. टोपीशिवाय बंदूक म्हणजे काडीशिवाय चूल, असे ते म्हणत.

ही काळी बारूद सोरा, गंधक आणि कोळसा यांची असते. ती धूर फार करते आणि नळीत ओलसर राख सोडते. ती राख हवेतला दमटपणा ओढून घेते आणि लोखंड खाते. म्हणून बार काढला की दुसऱ्या दिवशी कढत पाण्याने नळी धुवायची, चिंधीने कोरडी करायची आणि तेलाचा हात फिरवायचा. पावसाळ्यात ही कसूर केली तर दिवाळीपर्यंत नळीला आतून खड्डे पडतात. वरून चकचकीत दिसणारी बंदूक आतून कुजलेली असू शकते.

एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ठासणीच्या बंदुकीत काळ्या बारूदीखेरीज दुसरे काही घालायचे नाही. काडतूस फोडून त्यातली बिनधुराची दारू या नळीत ओतण्याचा शहाणपणा कुणी शिकवला तर त्याला हात जोडावेत. ती दारू वेगळ्या जातीची, कितीतरी जास्त दाबाची असते. जुनी नळी तो दाब सोसत नाही, ती फुटते. आणि ती फुटते तेव्हा गाल दस्त्याला टेकलेला असतो. घरी बारूद कुटण्याचेही तेच. हात जातातच, शिवाय परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे गुन्हा आहे. आपण घ्यायची ती परवान्यावर नोंद करून, परवानाधारक दुकानातून.

गजावरची खूण

आता तो प्रसंग. दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांची गोष्ट आहे. अण्णांनी संध्याकाळी बार भरला आणि पाहुणा आला म्हणून बंदूक कोपऱ्यात ठेवली. रात्री उशिरा शेताकडे निघताना, भरली की नाही याची आठवण राहिली नाही. गज टाकून बघायचा कंटाळा केला. त्यांनी दुसऱ्यांदा बारूद घातली, वर बोळा, वर छर्रे. एका नळीत दोन बार.

पहाटे डुकरांचा कळप भुईमुगात शिरला. अण्णांनी हवेत बार काढला. आवाज दोन शिवारे पलीकडे गेला म्हणतात. टोपीखालची निपल उखडून त्यांच्या कानाजवळून गेली, घोडा वाकला, आणि दस्त्याच्या दणक्याने खांद्याचे हाड मोडले. नळी फुटली नाही, हे नशीब. त्या दिवसापासून त्यांचा उजवा कान गेला तो गेलाच. तात्या तेव्हा माळ्याखाली झोपलेले होते. आमच्या घरातल्या बायका त्या बंदुकीला अजून भितात ते यामुळे.

खांदा बरा झाल्यावर अण्णांनी एकच केले. लोहाराकडून गजावर दोन आडव्या खुणा पाडून आणल्या. गज नळीत सोडला आणि वरची खूण तोंडाशी आली, तर नळी रिकामी. खालची खूण आली, तर एक बार भरलेला. आणि गज त्याहूनही वर राहिला, तर बंदुकीला हात लावायचा नाही. पुढे तात्यांना बंदूक शिकवताना पहिले वर्षभर त्यांनी फक्त गज टाकायला लावला. "नळीत काय हाय ते गजानं सांगायचं. माणसाच्या ध्यानावर इसंबून ऱ्हायचं न्हाई," हे त्यांचे वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे.

टेक्सासच्या भावाची रायफल

दोन वर्षांपूर्वी आमचा मावसभाऊ अमेरिकेहून आला होता. टेक्सासमध्ये नोकरी करतो. तात्यांची बंदूक बघून त्याने आपल्या मोबाइलवर स्वतःच्या रायफलीचे फोटो दाखवले. विंचेस्टर कंपनीचे १८९४ चे मॉडेल, जुने, दुसऱ्याकडून घेतलेले. चापाभोवती लोखंडी कडे असते, ते खाली ओढून वर घेतले की रिकामे काडतूस बाहेर आणि नवे आत. जॉन ब्राउनिंग या कारागिराने आखलेल्या या रायफली तिकडे लाखोंनी खपल्या. हरणाची शिकार म्हटली की तिकडच्या म्हाताऱ्यांना आजही तीच आठवते.

तात्यांचे लक्ष रायफलीपेक्षा दुसऱ्याच फोटोकडे गेले. भाऊ आपली काडतुसे घरीच भरतो. तिकडच्या कायद्यात स्वतःपुरती ती मुभा आहे. उडवलेली पितळी नळकांडी वेचून आणायची, धुवायची, साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची. तळाची जळालेली टोपी काढून नवी बसवायची. बारूद काट्यावर तोलून ओतायची आणि वर गोळी दाबून बसवायची. गोळी बोथट टोकाची घ्यावी लागते. कारण या रायफलीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक आडवी असतात, आणि एकाचे टोक दुसऱ्याच्या टोपीला टेकलेले असते. टोकदार गोळी असेल तर धक्क्याने टोपी पेटायची.

ही हौस तिकडे जुन्या गरजेतून आली. एकोणिसाव्या शतकात दुकान कोसच्या कोस लांब असे, म्हणून कंपनी स्वतःच काडतुसे पुन्हा भरण्याची हत्यारे विकायची. आपल्या चिंचेखालच्या अण्णांत आणि तिकडच्या वस्तीवरच्या शेतकऱ्यात तेव्हा फारसा फरक नव्हता.

तात्यांनी एकच प्रश्न विचारला, "आन् एकात दोनदा बारूद पडली तर?"

भाऊ हसला नाही. म्हणाला, "तात्या, तिकडेही सगळ्यात मोठी भीती हीच आहे." काही काडतुसांत बारूद इतकी थोडी असते की दुप्पट पडली तरी वरून कळत नाही. म्हणून तो पन्नास नळकांडी फळीवर ओळीने उभी करतो आणि गोळी बसवण्याआधी विजेरी मारून प्रत्येकीत डोकावतो. टेबलावर एका वेळी बारुदीचा एकच डबा ठेवतो. काम करताना रेडिओ नाही, गप्पा नाहीत. आणि प्रत्येक खोक्यावर तारीख, बारुदीची जात, वजन लिहून ठेवतो.

तात्या उठून आत गेले आणि खुणांचा गज घेऊन आले. भावाने त्या दोन खुणांचाही फोटो काढून घेतला.

गोळी कुणावर?

इथवर वाचून कुणाला वाटेल की बंदूक म्हणजे डुकरे मारायचे साधन. तसे नाही, आणि इथेच पुष्कळांची गफलत होते. शस्त्राचा परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. वन्य प्राणी मारण्याची परवानगी तो देत नाही.

दुष्काळाच्या १९७२ सालीच वन्यजीव संरक्षण कायदा झाला. हरीण, म्हणजे काळवीट, त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पीक खाल्ले म्हणून काळवीट मारण्याची परवानगी मिळत नाही. रोही आणि रानडुक्कर यांच्याबाबत कलम ११ खाली, उभ्या पिकाला धोका असेल तर, वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. २०१५ साली राज्य शासनाने या दोन प्राण्यांसाठी निर्णय काढून ही वाट मोकळी केली. पण मारलेले जनावर शासनाची मालमत्ता असते. ते खड्ड्यात पुरायचे नाही, वाटून घ्यायचे तर मुळीच नाही.

परवानगी नसेल तर नुकसानभरपाईचा मार्ग असतो. पीक उद्ध्वस्त झालेले दिसले की त्याच दिवशी फोटो काढावेत, सात-बारा घेऊन तीन दिवस उलटण्याआधी वनखात्याकडे अर्ज करावा आणि पंचनामा होईपर्यंत शेत जसेच्या तसे ठेवावे. रागाच्या भरात नांगर फिरवला तर पंचनामा कशाचा करायचा?

मग बंदूक कशासाठी? तात्यांचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. परवाना त्यांच्या नावावर १९९१ पासून आहे. इतक्या वर्षांत त्यांनी एकही जनावर मारलेले नाही. "बंदूक मारायला नसती रं. बार काढायला असती. जनावराला कळलं पायजे, हितं माणूस जागा हाय."

बंदूक गेली, बार राहिला

ठासणीच्या बंदुका कमी झाल्या, कारण त्या परवडत नाहीत. टोप्या आणि बारूद मिळायला शहरात हेलपाटे, मुदतवाढीला हेलपाटे, निवडणूक आली की ठाण्यात हेलपाटे. निवडणुकीत कुणाची शस्त्रे जमा करायची हे ठरवायला जिल्ह्यात छाननी समिती असते, सर्वांनाच सरसकट जमा करावी लागतात असे नाही. पण साध्या शेतकऱ्याला तिथे आपली बाजू मांडणे जमत नाही, तो मुकाट्याने नेऊन देतो.

मात्र बंदूक कमी झाली म्हणून जनावरे कमी झाली नाहीत. मग लोकांनी आपापले उपाय काढले. काही चांगले आहेत. जुन्या साड्यांचे कुंपण आता मराठवाड्यात गावोगाव दिसते. कुत्र्याचे भुंकणे भरून ठेवलेले भोंगे आहेत. सौर झटका यंत्र आहे. त्याचा झटका क्षणभराचा आणि थांबून थांबून येणारा असतो, तो जनावराला हाकलतो, मारत नाही.

पण त्याच झटक्याच्या नावाखाली कुणी खांबावरून आकडा टाकून थेट वीज तारेत सोडतो. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या शिवारात अशाच तारेला चिकटून आमचा एक बैल गेला. त्याच वाटेने पहाटे मोटार सुरू करायला माणसे जातात. तो बैल आधी गेला नसता तर कोण गेले असते, हे आम्ही एकमेकांना विचारत नाही. कुणी कणकेच्या गोळ्यात स्फोटक लपवून ठेवतो. डुकराचा जबडा फाटतो, तसा गाईचाही फाटतो. आणि आता प्लास्टिकच्या नळीत कार्बाइड घालून आवाज काढणारी नळी आली आहे. स्वस्त, ना परवाना ना नोंद. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तिच्यामुळे कित्येक पोरांच्या डोळ्यांना इजा झाली. आवाज आला नाही म्हणून पोर नळीत डोकावते, आणि तेवढ्यात ती पेटते.

या सगळ्यांत आणि अण्णांच्या बंदुकीत फरक कोणता? बंदुकीच्या प्रत्येक बारामागे एक नाव होते. बारूद किती घेतली, टोप्या किती घेतल्या, परवाना कुणाचा, हे कागदावर होते. बार भरणारा हात आणि चाप ओढणारा हात एकाच माणसाचा होता, आणि चाप ओढताना तो माणूस जागा होता. विजेची तार लावणारा घरी झोपलेला असतो. कणकेचा गोळा ठेवणारा कोण, हे कधीच कळत नाही. धोका त्या हत्यारांचा आहेच, पण त्यामागे उभे राहायला कुणी नसते, हे जास्त वाईट आहे.

वारस नेमायचा तर

ज्यांच्या घरी अशी बंदूक आहे त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

परवाना ज्याच्या नावाचा, बंदूक त्याचीच. मालक वारला आणि बंदूक तशीच आढ्याला राहिली, तर ती विनापरवाना होते. अशा वेळी वारसांनी विनाविलंब ती ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि मग आपल्या नावाच्या परवान्यासाठी अर्ज करावा. मुदत संपली तरी तेच. ही तरतूद कलम २१ मध्ये आहे.

मालक जिवंत असतानाही वारस नेमता येतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचे वय सत्तर झाले किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षे झाली, यातले जे आधी होईल त्यानंतर, तो आपल्या कायदेशीर वारसाचे नाव सुचवू शकतो. हे पुष्कळांना माहीत नसते, म्हणून म्हातारा गेल्यावर धावाधाव होते.

२०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. परवान्याची नोंद देशपातळीवरच्या संगणकात होऊन त्याला ओळख क्रमांक मिळालेला असावा लागतो. जुने कागद घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत एकदा खात्री करून घ्यावी.

बंदूक खुंटीवर टांगायचे दिवस गेले. ती कुलपात, बारूद दुसऱ्या कुलपात आणि टोप्या तिसऱ्या जागी असाव्यात. भरलेली बंदूक घरात आणू नये. वर्षानुवर्षे पडून असलेली बंदूक रिकामी आहे असे कुणी धरून चालू नये. बारूद नळीत कोरडी राहिली तर कैक वर्षांनीही पेटते. आधी गज टाकावा, आणि शंका आली तर जाणत्या शस्त्र कारागिराकडे न्यावी.

आणि शेवटची गोष्ट. घरात सांभाळणारे कुणी नसेल, तर जमा करण्यात कमीपणा नाही. अण्णांची आठवण ठेवायला बंदूकच लागते असे थोडेच आहे?

तात्यांची परीक्षा

तात्यांनी मागल्या महिन्यात निर्णय केला. मुलाला बोलावले, ओसरीवर पाट टाकला, बंदूक पुढे ठेवली. म्हणाले, "भरून दाखव."

पोरगा शिकलेला आहे, मोबाइलवर सगळे बघितलेले. त्याने शिंग उचलले.

तात्यांनी बंदूक मागे घेतली. म्हणाले, "ह्या साली न्हाई. फुडल्या म्हैन्यात परत इचारतो."

पुढल्या महिन्यात पोराने शिंगाला हात लावला नाही. आधी गज काढला, नळीत सोडला. खण्ण आवाज आला. वरची खूण बोटाने दाबून तात्यांना दाखवली, आणि टोपीची डबी उचलून लांब कोनाड्यात नेऊन ठेवली. मग म्हणाला, "आता भरू का?"

"भरायची काय गरज हाय आता? पीक घरात आलंय की," तात्या म्हणाले, आणि वारसाच्या अर्जावर सही करायला त्यांनी चष्मा मागितला.

चुलती आतून ऐकत होती. तिने चष्मा आणून दिला, पण बजावले, "कुलपाची किल्ली माझ्याजवळ ऱ्हाईल." त्यावर कुणाचीही हरकत निघाली नाही.